माशीनं मासा : वावर, नाला आणि नऊ फुटांची छडी



तूर घरात आली. पऱ्हाटीची शेवटची वेचणी तेवढी राहिली आहे. हरभरा घाट्यावर आहे, आणि या आठवड्यात लाईन रात्रीची असल्यामुळे दिवसा ओलिताची घाई नाही. म्हणून आज निवांत लिहायला बसलो.

मागं तलावाच्या पाळीवरचा एक फोटो टाकला होता. हातात बारीक लांब छडी आणि हवेत पिवळ्या दोरीचं वेटोळं. पीकपाण्याच्या कोणत्याही नोंदीपेक्षा त्या फोटोवर जास्त विचारणा झाली. तीन प्रश्न सगळ्यांचे सारखे : हे काय आहे, कितीला पडलं, आणि शेती सोडली का भाऊ? तिसऱ्याचं उत्तर आधी देतो. शेती सोडली नाही. पण या छडीच्या नादानं मी माझ्या वावराशेजारच्या नाल्यात वाकून पाहायला लागलो, आणि तिथं जे दिसलं ते फवारणीच्या वहीत लिहावं लागलं. ते शेवटी सांगतो. आधी छडी.

गोफण आणि आसूड

याला इंग्रजीत फ्लाय फिशिंग म्हणतात. फ्लाय म्हणजे माशी. गरीला गांडूळ लावायचं नाही, कणकेचा गोळा लावायचा नाही. पिसं, केस आणि धागा गुंडाळून गरीवरच एक किडा बनवायचा आणि तो पाण्यावर असा अलगद टाकायचा, की माशाला खरा वाटावा. आमच्या घरी याचं नाव पडलं आहे ‘माशीनं मासा’.

बाजारात चरखीची साधी रॉड मिळते, तिच्यात आमिषाला किंवा शिशाला वजन असतं. ते वजन पुढं उडतं आणि दोरा त्याच्या मागं ओढला जातो. ही आपली गोफण. दगड पुढं, बाकी सगळं मागं. पण पिसांच्या किड्याला वजनच नाही. फेकला तर पायाशी पडेल. म्हणून या प्रकारात वजन दोरीत भरलेलं असतं. दोरी जाड असते, तिला हवेत मागंपुढं झुलवायचं, आणि टोकाचा किडा तिच्यासोबत आपोआप जातो. हा आपला आसूड.

ज्यानं आसूड हाकला आहे त्याला अर्धं काम येतंच. दोरी मागं न्यायची, थांबायचं, ती पाठीमागं पूर्ण सरळ होऊ द्यायची, मग पुढं. घाई केली की फट्‌ असा आवाज येतो. बैलाला तो आवाज समजतो, पण इथं त्या आवाजासोबत टोकाचा किडा तुटून गेलेला असतो. मनगटात ताकद असलेले आमचे गडी पहिल्या दिवशी हरतात आणि घरातली पोरं दोन दिवसांत शिकतात, कारण पोरं जोर लावत नाहीत.

शिकायला पाण्यावर जाऊ नका. खळ्यात किंवा सोयाबीन निघालेल्या मोकळ्या वावरात, गरीऐवजी टोकाला लोकरीचा लाल तुकडा बांधून रोज वीस मिनिटं करा. पंधरा दिवसांत तीस-पस्तीस फुटांवर ठेवलेल्या घमेल्यात तुकडा पडायला लागला की झालं. आपल्या तलावांवर त्याच्यापेक्षा जास्त क्वचितच लागतं. डोक्यावर टोपी आणि डोळ्याला चष्मा मात्र पायजेच. पाठीमागून येणारी गरी कोणाला ओळखत नाही. आणखी एक, हे कास्तकारासाठी खास : छडी कार्बनची असते आणि कार्बनमधून वीज वाहते. वावरातल्या लोंबत्या तारांखाली ती उभी करू नका. आभाळ गडगडलं की छडी खाली ठेवायची आणि पाळीवरून उतरायचं.

सामान : पैसा कुठं लावावा

दोरीला नंबर असतो. नंबर म्हणजे दोरीच्या पहिल्या ३० फुटांचं वजन. ५ नंबरच्या दोरीचे ३० फूट साधारण ९ ग्रॅम भरतात, ६ नंबरचे साडेदहा, ८ नंबरचे साडेतेरा. छडीवर तोच नंबर लिहिलेला असतो. दोन्हींचा मेळ असला पायजे. हलक्या बैलाला जड वखर जुंपलं तर जे होतं, तेच ५ नंबरच्या छडीला ८ नंबरची दोरी लावली तर होतं.

नदी-नाल्यातल्या बोटभर माशांसाठी आणि चिलापीसाठी ५ नंबर पुरतो. पाणवनस्पतीत बसणाऱ्या मरळीसाठी ८ लागतो, कारण तिला गवतातून ओढून काढावं लागतं. एकच घ्यायची असेल तर नऊ फुटांची ६ नंबर घ्या. माझ्याकडे तीच आहे. छडी, चरखी, दोरी असा संच सात हजारांच्या आत ऑनलाइन मागवला.

पैसा कमी असेल तर क्रम असा : आधी दोरी चांगली घ्या, मग छडी, आणि चरखी सर्वात शेवटी. आपल्या माशांसाठी चरखीचं काम दोरी गुंडाळून ठेवण्याइतकंच आहे. दोरी हातानंच ओढायची असते. दोरी तरंगणारी घ्या. तिच्या पुढं नऊ फुटांचा नायलॉनचा दोरा येतो, मुळाशी जाड आणि टोकाला बारीक होत जाणारा. टोकाला ०.२० मिलिमीटर असला की बाकी सगळ्यांना चालतं. मरळीसाठी याच्या दीडपट जाड ठेवा.

दोरीवर प्लास्टिकचं आवरण असतं. डास पळवायची जी मलमं असतात, त्यातल्या डीट नावाच्या औषधानं ते आवरण खराब होतं. मलम लावलं तर हात धुऊनच दोरीला लावा. पेट्रोल-डिझेलचा हातही लावू नका, आणि मे महिन्यात दोरी गाडीच्या डिक्कीत ठेवू नका. आपल्या नागपूरच्या उन्हाचं वेगळं सांगायला नको.

किडा मात्र घरी बनवा. लागतं काय? छोटा वाईस, शिलाई मशीनचा धागा, रिकामी गरी, आणि शेवटची गाठ पक्की करायला नेलपॉलिश. गावठी कोंबड्याच्या मानेची लांब अरुंद पिसं गरीभोवती गुंडाळली की केसाळ किडा तयार होतो आणि तो पाण्यावर तरंगतो. गंमत म्हणजे ही गावठी कोंबड्याची मान जगभरातले हे किडे बनवणारे लोक ‘इंडियन’ म्हणून विकत घेत आले आहेत. धुऱ्यावर मोरानं आपोआप गाळलेलं पीस सापडलं तर त्याचा एकेक तंतू पाण्याखालच्या अळ्यांसाठी कामी येतो. सह्याद्री-सातपुड्यातल्या राखी रानकोंबड्याच्या मानेवर पिवळे चकचकीत ठिपके असतात. इंग्रज साहेबांच्या सामन माशाच्या किड्यांत ते पीस मानाचं होतं आणि त्यापायी हा पक्षी खूप मारला गेला. आता १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे. त्याच्या वाटेला जाऊ नका. आपल्या अंगणातला कोंबडा पुरे आहे.

गरीला जो उलटा काटा असतो, तो पक्कडीनं दाबून टाका. मासा सोडताना जबडा फाटत नाही आणि स्वतःच्या कानात घुसली तरी दवाखाना लागत नाही.

आपल्या पाण्यातला कोण खातो, कोण नाही

आपल्या तलावांत कतला, रोहू, मृगळ भरपूर आहेत, पण ते या छडीचे मासे नाहीत. कतला वरच्या थरातलं बारीक जीव पाण्यासोबत गाळून खातो, मृगळ तळाचा गाळ चाळतो, रोहू मधल्या थरात शेवाळ-वनस्पतीवर जगतो. कधीमधी लागतात, पण त्यांच्या भरवशावर संध्याकाळ घालवू नका.

चिलापी लागते आणि चांगली झुंजते. हा मासा आफ्रिकेतला, १९५२ मध्ये आपल्या देशात आणला गेला. मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, म्हणून तिची पैदास आवरत नाही. चिलापी पकडली तर सोडू नका, खा.

मरळ ही खरी मानकरी. ती वर येऊन हवा घेते, त्यामुळे पाण्यात कुठं बसली आहे ते कळतं. म्हशीच्या केसांचा बेडूक बनवून कमळपानांच्या फटीत टाकायचा आणि हळूहळू ओढायचा. पण पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा थवा उकळल्यासारखा दिसला, तर खाली त्यांचे आईबाप राखणीला असतात. त्या वेळी ते कशावरही धावून जातात आणि सहज लागतात. त्यांना उचललं तर तासाभरात बाकीचे मासे सगळी पिल्लं संपवतात. त्या दिवसांत मरळीला हात लावायचा नाही. पहिल्या पुरात अंडी घालायला वर चढणाऱ्या माशांचंही तेच.

आणि नाल्यातले ते चंदेरी, बोटभर मासे, संध्याकाळी पाण्यावर टिपटिप करणारे. त्यांच्यासाठी ज्वारीच्या दाण्याएवढा किडा लागतो. मोठ्या माशाचा मान त्यांना नाही, पण ही विद्या खरी तेच शिकवतात. ते रोज वेगळं खातात. पहिल्या पावसानंतर उधईची पाखरं उडाली की फक्त तीच घेतात, दुसऱ्या कशाकडे पाहत नाहीत. म्हणून आज पाण्यावर काय उडून रायलं, हे आधी पाहावं लागतं.

पाणी कोणाचं

हे सर्वात महत्त्वाचं, आणि शहरातून येणारे हौशी लोक हेच विसरतात.

आमच्या गावाखालचा तलाव मामा तलाव आहे, म्हणजे माजी मालगुजारी. मासेमारीचा ठेका ढिवर बांधवांच्या सहकारी संस्थेकडे. दर पावसाळ्यात ते पैसे घालून बोटुकली सोडतात, राखण करतात, आणि वर्षाचं घर त्याच्यावर चालवतात. त्या पाण्यात विचारल्याशिवाय छडी टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या वावरात शिरून शेंगा तोडणं.

मी संस्थेच्या जुन्या काकांकडे गेलो. त्यांनी छडी हातात घेऊन तोलली, दोरी पाहिली, किडा तळहातावर घेतला.

“काहून भाऊ, एवढी महागाची गरी घेतली, अन् मासा धरून सोडून देऊन रायला?”

“हौ काका.”

“मंग खातं काय?”

“चिलापी खातो. बाकी सोडतो.”

ते हसले. मग म्हणाले, “उधई उडते ना, तवा आमचा बाप तिलेच गरीले लावे. तुयी ही माशी काही नवी नाही.” त्यांनी परवानगी दिली, अटी घालून : बोटुकली सोडल्यापासून दोन महिने पाण्यावर यायचं नाही, मरळ लागली तर त्यांना दाखवायची, आणि शहरातले पाहुणे आणायचे असतील तर माणशी पैसे संस्थेत भरायचे. मला वाटतं, प्रत्येक तलावावर असाच करार असावा.

खिंडसीला जा, वेणेच्या धरणावर जा, गोसीखुर्दकडे जा, आधी हेच विचारा : मासेमारी कोणाकडे आहे? त्यांच्याशी बोला. तोतलाडोहचं मात्र नावही काढू नका. ते पाणी पेंच व्याघ्र प्रकल्पात आहे. धरणामुळे उठलेल्या लोकांचा मासेमारीवरचा हक्क आणि जंगलाचं रक्षण, हा वाद तिथं वर्षानुवर्षं चालला. मध्य प्रदेशच्या बाजूच्या ३०५ आदिवासी कुटुंबांच्या परवान्यांचं प्रकरण १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. जिथं लोक पोटासाठी कोर्टाची पायरी चढले, तिथं आपण हौसेसाठी कुंपणाखालून जावं, हे शोभत नाही.

लांबची वाट

हे शिकलेला प्रत्येक माणूस एकदा हिमाचल-काश्मीरला जायचं म्हणतो, ट्राउटसाठी. तो मासाही तिथला नाही. इंग्रजांनी १९०० च्या सुमारास काश्मीरमध्ये आणि १९०९ मध्ये कुल्लूकडे त्याची अंडी आणून उबवली. पण थंड, वाहत्या पाण्यात तो टिकला आणि आज त्याच्यावर कितीतरी घरं चालतात.

आपल्या कामाच्या हिशेबानं जायचं तर मार्चचा शेवट ते एप्रिल. हरभरा-गहू निघालेला असतो आणि खरिपाची घाई लागायची असते. हिमाचलात १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटला बंदी असते, मार्चपासून सुरू. मे लागला की बर्फ वितळून नद्या गढूळ आणि जोरात येतात. नागपूरहून रेल्वेनं दिल्ली, तिथून कुल्लूच्या बसनं औटपर्यंत, आणि पुढं तीर्थन खोऱ्यात. मत्स्य विभागाचा परवाना आधी काढायचा. चुलतभावाला घेऊन मी एकदा गेलो. पाणी इतकं गार, की गुडघे अर्ध्या तासात बधिर. चार दिवसांत दोघांना मिळून सहा मासे. पण तिथल्या पोरानं मला पहिल्या सकाळी छडी उघडूच दिली नाही. म्हणाला, आधी दगड उलटा.

महाशीरचं स्वप्न असेल तर हे वाचा. आपल्या दख्खनी महाशीरचं शास्त्रीय नाव टॉर खुद्री. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याकडच्या मुळा-मुठेच्या पाण्यातून त्याची नोंद केली. १९७० च्या दशकात लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीनं डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांच्यासारख्या मराठी शास्त्रज्ञांच्या मार्गदर्शनानं त्याची पिल्लं तयार करायला घेतली. मोठं काम. पण त्या जातीची पिल्लं कावेरीत सोडली गेली, तिथं ती फोफावली, आणि कावेरीचा स्वतःचा केशरी पंखांचा मोठा महाशीर आज नष्ट व्हायच्या काठावर आहे. चांगल्या मनानं आणलेलं बाहेरचं बियाणं काय करू शकतं, हे आपल्याला कोणी सांगायला नको. म्हणून कोणी म्हणालं, तुमच्या शेततळ्यात अमुक मासा सोडू, तर आधी पाणी पुराच्या वेळी कुठं जातं ते पाहा.

दगड उलटा

आता खरी नोंद.

तीर्थनच्या त्या पोरानं दगड उलटवला, तेव्हा खाली पाच-सहा प्रकारचे जीव होते. चपटे, मागं तीन शेपट्या असलेले, पोटाच्या दोन्ही बाजूंनी पानासारखे कल्ले हलवणारे. बारीक वाळू चिकटवून स्वतःभोवती नळी बांधून बसलेले. चतुराची बटबटीत डोळ्यांची अळी तर आपण पाण्याच्या टाक्यातही पाहतो. यांच्यासारखा किडा बनवायचा आणि टाकायचा, एवढीच ती विद्या.

घरी आल्यावर मी हेच आमच्या नाल्यात केलं. नाला जंगलाच्या कडेनं येतो, पुढं तीन-चार जणांच्या पऱ्हाटीमधून जातो, त्यात माझंही वावर आहे, आणि खाली मामा तलावाला मिळतो. वरच्या अंगाला, पळसाच्या झाडांखाली, वाहत्या उथळ पाण्यात दगड उलटले. तीन शेपट्यांचे होते. वाळूच्या नळीवाले होते. एका पांढऱ्या ताटलीत दहा दगडांचे मिळून साठ-सत्तर जीव निघाले. मग पऱ्हाटीच्या खाली, पुलाजवळ, तसेच दहा दगड उलटले. लाल बारीक अळ्या आणि डासांचे वळवळे. तीन शेपट्यांचा एकही नाही. वाळूच्या नळ्या होत्या, पण रिकाम्या.

याच्या आदल्या वर्षी ऑगस्टात मोठा पाऊस झाला आणि पुलाखालच्या डोहात मासे उलटे तरंगले होते. त्यावरून गावात तणातणी झाली. संस्थेचे लोक म्हणत होते फवारणीचं औषध उतरलं. कास्तकार म्हणत होते गढूळ पाण्यात हवा कमी पडली. दोन्ही होऊ शकतं. पाणी कोणी तपासलं नाही, वाद तसाच राहिला, आणि काकांनी त्या हंगामात नाल्यातल्या पाण्यावरचा भरवसा सोडून जास्तीची बोटुकली विकत आणली. तो खर्च त्यांच्या घरांवर पडला.

ताटली पाहिल्यावर मला तो वाद आठवला. डोहात हवा कमी पडू शकते. पण मी दगड उलटले ते डोहात नाही, दगडांवरून खळखळ वाहणाऱ्या पाण्यात. तिथं हवा कमी पडत नाही. वर आहे आणि खाली नाही, तर मधल्या पाऊण किलोमीटरमध्ये काहीतरी आहे. गाळही असू शकतो. पण औषधाला बाजूला काढता येत नाही.

आपण डब्यावरचा त्रिकोण पाहून औषध उचलतो. लाल असेल तर सांभाळून, पिवळा असेल तर जरा, निळा-हिरवा असेल तर बिनधास्त. मंडळी, तो रंग उंदरांसारख्या प्राण्यांवरच्या चाचणीवरून ठरतो, म्हणजे माणसाच्या जिवासाठी. माशाचा आणि पाण्यातल्या किड्याचा हिशेब त्या रंगात नाही. सायपरमेथ्रिनच्या कुळातली पायरेथ्रॉइड औषधं पिवळ्या त्रिकोणात मिळतात, आणि माशांना, पाणकिड्यांना ती अतिशय विषारी आहेत. इमिडाक्लोप्रिडसारखी औषधं माशाला तेवढी नाहीत, पण ज्या किड्यांवर मासा जगतो त्यांना थोडीही भारी पडतात. हा इशारा असतो, पण आत घडी घातलेल्या पत्रकात, बारीक अक्षरांत. पुढच्या वेळी ते पत्रक उलगडून वाचा.

ताटली मी मोबाइलमध्ये धरली आणि नाल्याकाठच्या सगळ्यांना दाखवली. शेजारचे भाऊ म्हणाले, “आता मासे वाचवू का पऱ्हाटी वाचवू?” प्रश्न खोटा नाही. गुलाबी बोंडअळीनं २०१७ मध्ये काय केलं ते आपण सगळ्यांनी भोगलं आहे, आणि त्याच हंगामात यवतमाळात फवारताना माणसंही गेली. मी त्यांना उपदेश केला नाही. माझ्या वावरात जे केलं तेवढं सांगितलं.

नाल्याकडची सहा तासं पऱ्हाटी लावली नाही. तिथं नेपिअर गवत आणि कडेला तूर. गवत बैलांना झालं. पंप नाल्यात भरायचा नाही, नाल्यात धुवायचा नाही; त्यासाठी धुऱ्यावर ड्रम ठेवला. आणि तारीख पाहून फवारणी बंद केली. कामगंध सापळे एकरी दोन लावले आणि रोज सकाळी पतंग मोजले. आपल्या नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेची शिफारस अशी आहे, की एका सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ किंवा जास्त पतंग आले तर फवारा. यंदा सप्टेंबरात ते आकडे आले नाहीत, म्हणून मी थांबलो. ऑक्टोबरात आले, तेव्हा फवारलं. एकूण दोन फवारण्या कमी झाल्या. पऱ्हाटी शेजाऱ्यांइतकीच झाली, एखादा क्विंटल इकडेतिकडे. पुढच्या वर्षी अळी जास्त आली तर हाच हिशेब वेगळा निघेल, हेही सांगून ठेवतो.

गेल्या आठवड्यात पुलाजवळ पुन्हा दहा दगड उलटले. दोन दगडांखाली वाळूच्या नळ्या होत्या आणि आत जीव होता. तीन शेपट्यांचा अजून एकही नाही. एका हंगामावरून काही ठरत नाही, आणि वरच्या तीन वावरांत फवारणी नेहमीसारखीच झाली आहे. पण काकांना ताटली दाखवली, तर ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “ह्या नळ्या आमच्या लहानपणी गोट्यागोट्याले असत.” आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही दोघं मिळून दगड उलटतो. तो आकडा मी फवारणीच्या वहीत शेवटच्या रकान्यात लिहितो. शेजारचे भाऊ मागच्या वेळी काठावर उभे राहून पाहत होते. सापळे कुठं मिळतात, हे त्यांनी जाताना विचारलं.

छडी घ्यायची असेल तर घ्या, विचारा, सांगतो. नसेल घ्यायची तरी हरकत नाही. पण तुमच्या वावराजवळून नाला वाहत असेल तर या रविवारी एक पांढरी ताटली घेऊन जा. वाहत्या उथळ पाण्यातले दहा दगड, एकदा वावराच्या वर आणि एकदा खाली. दगड उचलला तसाच परत ठेवा. दोन्ही आकडे इथं लिहा, तालुक्याच्या नावासह, पीक कोणतं आहे त्यासह. मार्च लागायच्या आत करा, नाले आटायला लागतील.